माझ्या कर्जाला जामीन राहिलेली माणसं

2018 साली कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, मला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट लागली. घर कोपरखैरण्याला, वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी सुटणार होती, पण उरलेली फी, होस्टेल आणि मेस धरली की आकडा झेपत नव्हता. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, म्हणून वडील आणि मी बँकेत गेलो. तिथे वडिलांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा स्कोअर, आडवा आला. काकांच्या टेम्पोच्या कर्जाला ते जामीन होते. काकांचे हप्ते थकले आणि बोल वडिलांच्या नावाला लागला.

आमच्या समाजाच्या शिक्षण निधीचं वडिलांच्या टोळीच्या मुकादमांनी सुचवलं. कर्ज बिनव्याजी, परतफेड नोकरी लागल्यावर. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या फीचा तक्ता हे सगळं जमलं. अडलं ते दोन जामीनदारांवर. जामीन राहून ज्याचे हात पोळलेत, त्याने दुसऱ्याकडे कुठल्या तोंडाने सही मागायची? वडील त्या विषयावर बोलेचनात. शेवटी मुकादमच म्हणाले, "पोरगी शिकतेय ना? घाला माझं नाव." दुसरी सही शेजारच्या ताईंची. त्या पालिकेच्या शाळेत शिकवतात. सॅलरी स्लिपची झेरॉक्स त्यांनी स्वतःहून आणून दिली.

ठाण्याला नौपाड्यात रविवारी सकाळी निधीची मुलाखत झाली. समितीतले एक निवृत्त मुख्याध्यापक पेन्सिल घेऊन फीच्या तक्त्यावरून ओळ न्‌ ओळ उतरत होते. "हे डिपॉझिट शेवटी परत मिळतं, हे कर्जात नको. मेसचे पैसे एकदम उचलू नकोस, सहामाहीला देऊ." कर्ज कमी कसं होईल हे देणाराच बघतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला गणिताच्या मार्कांबद्दल खोदून विचारलं. वडिलांना सिबिलबद्दल एका शब्दानेही नाही. वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही केली. चेक थेट कॉलेजच्या नावाने निघाला. पुढे दरवर्षी आधी मार्कशीट दाखवायची, मग पुढचा चेक.

ऐरोलीत नोकरी लागली आणि हप्ते सुरू झाले. शेवटचा हप्ता गेला तेव्हा वचनचिठ्ठी 'रद्द' शिक्का मारून परत मिळाली, शिवाय दोन्ही जामीनदारांच्या नावे मुक्ततेची पत्रं. ती मी हातोहात नेऊन दिली. मुकादमांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. त्या दोन्ही घरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

2024-25 पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. फार मोठी सोय झाली. पण होस्टेल, मेस आणि लॅपटॉपचा खर्च उरतोच, म्हणून निधीकडे मुलींचे अर्ज येत राहतात. रविवारी जमेल तेव्हा मी कागद तपासायला बसते. अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगेन: उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा, नंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते.

घणसोलीच्या एका मुलीच्या अर्जावर यंदा पहिली जामीनदार म्हणून माझी सही आहे. दुसरा जामीनदार अजून मिळायचाय. समाजातलं कुणी पगारदार हे वाचत असेल, तर येत्या रविवारी नौपाड्यात या.