अमेरिकेतील विद्यापीठ-ग्रंथालयातील रेसिडेन्सी : माझा अनुभव

अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांमध्ये नवोदित ग्रंथपालांसाठी दोन ते तीन वर्षांच्या मुदतीच्या काही जागा असतात. त्यांना तिथे 'डायव्हर्सिटी रेसिडेन्सी' (विविधता रेसिडेन्सी) म्हणत असत. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी नुकतीच मिळवलेल्या आणि या व्यवसायात ज्यांची संख्या आजवर फार कमी राहिली अशा समाजगटांतून आलेल्या, किंवा त्या गटांसाठी काम केलेल्या व्यक्तीला पूर्ण पगारावर घ्यायचे, पहिल्या वर्षी वेगवेगळ्या विभागांतून काम शिकवायचे आणि पुढे एका विषयाची स्वतंत्र जबाबदारी सोपवायची, अशी या जागांची सर्वसाधारण घडण असते. 2021 मध्ये मध्य-पश्चिमेकडील एका राज्य विद्यापीठात माझी अशा जागेवर निवड झाली. माझे मुख्य काम खुल्या संशोधनाचे होते, म्हणजे विद्यापीठात लिहिले जाणारे शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावेत यासाठीची सगळी खटपट. महाराष्ट्रातून ग्रंथालयशास्त्र शिकून अमेरिकेत येणाऱ्या मुलामुलींपर्यंत या जागांची माहिती फारशी पोहोचत नाही, असे मला वारंवार दिसते. म्हणून ही प्रक्रिया जशी मी अनुभवली तशी इथे मांडत आहे.

या जागा का निर्माण झाल्या, हे आधी समजून घ्यावे लागते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार तिथल्या पदवीधर ग्रंथपालांपैकी सुमारे 88 टक्के गौरवर्णीय होते. वाचकवर्ग मात्र, विशेषतः सरकारी विद्यापीठांतला, झपाट्याने बदलत होता. डेलावेअर विद्यापीठाने 1980 च्या दशकातच अशी रेसिडेन्सी सुरू केली होती आणि पुढे ती पॉलीन यंग यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पॉलीन यंग या डेलावेअरमधल्या कृष्णवर्णीय शिक्षिका, ग्रंथपाल आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या होत्या. नंतर अमेरिकन युनिव्हर्सिटी, आयोवा विद्यापीठ, व्हर्जिनिया टेक आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ या चार संस्थांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन एक जाळे उभे केले. महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या राष्ट्रीय संघटनेने ते आपल्या छत्राखाली घेतले आणि 'डायव्हर्सिटी अलायन्स' या नावाने ते वाढले. रेसिडेन्सीच्या जाहिराती शोधताना मला सर्वांत जास्त उपयोग याच जाळ्याच्या सदस्य-संस्थांच्या यादीचा झाला.

अमेरिकेत येण्यापूर्वी मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम करत होते. पुस्तकांची देवघेव, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीसाठी कागदपत्रे जमवणे, एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन सेवेवरची नियतकालिके विद्यार्थ्यांना उघडून दाखवणे, असा दिवस जात असे. आमच्याकडचे पुष्कळ विद्यार्थी घरातले पहिलेच पदवीधर होणार होते. एखादा प्राध्यापक आपल्याच निबंधाची छापील आवृत्ती मागायला येई आणि ते नियतकालिक आमच्याकडे येत नसल्यामुळे त्यांना रिकाम्या हाताने परत जावे लागे. त्याच प्राध्यापकांचा पीएच.डी.चा प्रबंध मात्र शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जगातल्या कोणालाही वाचता येत होता, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले होते आणि आयोगाच्याच इन्फ्लिबनेट या केंद्राने ती साठवण्याची सोय उभी केली होती. प्रबंध खुला आणि त्यातूनच निघालेला निबंध कुलूपबंद, ही विसंगती माझ्या मनात घर करून राहिली. पुढे माझ्या अर्जाचा सगळा पाया तीच ठरली.

अर्ज करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापुढची पहिली अडचण व्हिसाची असते. विद्यार्थी व्हिसावर पदवी पूर्ण केल्यानंतर बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना ती चोवीस महिन्यांनी वाढवून मिळते, परंतु ग्रंथालयशास्त्राची पदवी बहुतेक ठिकाणी त्या यादीत बसत नाही. म्हणजे तीन वर्षांची रेसिडेन्सी मिळाली तरी पहिल्या वर्षाच्या आत विद्यापीठाने एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करणे भाग असते. यात एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. विद्यापीठे एच-1बीच्या वार्षिक मर्यादेतून मुक्त आहेत, त्यामुळे कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींप्रमाणे सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रश्न इतकाच उरतो की मुदतीच्या जागेसाठी तो खर्च आणि ती कागदपत्रे करायला विद्यापीठ तयार आहे का. काही जाहिरातींत 'प्रायोजकत्व दिले जाणार नाही' असे स्पष्ट लिहिलेले असते, पण बऱ्याच जाहिराती याबाबत गप्प असतात. एका ठिकाणी मुलाखतीच्या सर्व फेऱ्या झाल्यानंतर मला नकार कळवण्यात आला आणि कारण हेच होते. त्या दिवसापासून मी अर्ज भरण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला पत्र लिहून हा प्रश्न विचारू लागले आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे गेले नाही. तसे विचारल्यामुळे कोणी माझ्याविषयी वाईट मत करून घेतले असे मला कुठेही आढळले नाही.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे लागते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची 1997 मध्ये स्थापन झालेली स्पेक्ट्रम शिष्यवृत्ती अतिशय नावाजलेली आहे, परंतु ती अमेरिका व कॅनडाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. रेसिडेन्सीला तशी अट सहसा नसते. असोसिएशनची मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी, तीही गेल्या दोन-तीन वर्षांतली, ही मुख्य अट असते.

अर्जात सीव्ही आणि कव्हर लेटरबरोबर विविधतेविषयीचे एक निवेदन मागितले जात असे, आणि सगळ्यात जास्त वेळ मी त्यावर घालवला. अमेरिकेच्या कायद्यानुसार केवळ वंशाच्या आधारावर नोकरी देता येत नाही. म्हणून जाहिरातीत अर्जदाराचा वंश न विचारता, वंचित गटांसाठी त्याने काय केले आहे आणि काय करू इच्छितो, हे विचारले जात असे. माझ्यासारख्या अर्जदाराने या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतल्या रकान्यांत मी अल्पसंख्य आशियाई ठरते, पण महाराष्ट्रात माझ्या घरात तीन पिढ्यांपासून शिक्षण आहे आणि जातीमुळे माझी वाट कुठेही अडली नाही. परदेशात आल्याबरोबर वंचितपणाचा दाखला खिशात घालून फिरणे मला पटणारे नव्हते. मी निवेदनात हे सरळ लिहिले, आणि त्यानंतर सोलापुरात पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांबरोबर केलेले काम, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी डेटाबेस शिकवताना वापरलेल्या पद्धती आणि त्यांतून कोणत्या उपयोगी पडल्या, याचे वर्णन केले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख समाविष्ट केला, त्याच्या थोडे आधीची ही गोष्ट आहे. समितीतल्या कोणाला जातीचा संदर्भ कितपत कळेल याची मला शंका होती. प्रत्यक्षात मुलाखतीत सर्वांत नेमके प्रश्न त्याच परिच्छेदावर आले.

कोविडमुळे माझी मुलाखत झूमवर झाली, परंतु तिचा आराखडा प्रत्यक्ष भेटीसारखाच, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा होता. निवड समिती, भावी सहकारी, मनुष्यबळ विभाग आणि ग्रंथालयाच्या अधिष्ठाता अशा क्रमाने बैठका होत्या आणि मध्ये वीस मिनिटांचे सादरीकरण होते. विषय दिलेला होता: नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला ओपन ॲक्सेस, म्हणजे संशोधन सर्वांना विनामूल्य खुले ठेवणे, कसे समजावून सांगाल? मी शोधगंगेच्या उदाहरणाने सुरुवात केली. त्यानंतर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवरचा मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून दाखवला. सोलापुरातला शिक्षक आणि शिकागोतला संशोधक एकाच क्षणी, एकही पैसा न देता तो वापरू शकतात, आणि मराठीवर आज लिहिला जाणारा निबंध मात्र त्या शिक्षकाला मिळत नाही, हा फरक समोर ठेवल्यावर परवान्यांची आणि धोरणांची चर्चा करणे सोपे गेले. अर्जदाराने आपल्या अनुभवातले उदाहरण घ्यावे, ते समितीला अपरिचित असले तरी चालते, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी 'तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले जाते. या वेळेचा उपयोग शिष्टाचारापुरता करू नये. याआधीच्या रेसिडेंटचे पुढे काय झाले, दुसऱ्या वर्षी कोणते काम संपूर्णपणे माझ्या हाती असेल, परिषदांना जाण्यासाठी किती निधी आहे, मुदत संपल्यावर कायम जागेचा विचार होतो का, आणि एका वेळी एकच रेसिडेंट असतो की दोघे-तिघे, हे प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारले. शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण एकट्या रेसिडेंटला विविधतेशी संबंधित प्रत्येक समितीवर बसवले जाते, प्रत्येक माहितीपत्रकात त्याचे छायाचित्र छापले जाते आणि प्रत्यक्ष कौशल्य मिळवण्याचे दिवस त्यात निघून जातात. माझ्या ओळखीच्या एका रेसिडेंटला दुसऱ्या एका विद्यापीठात पूर्ण मुदतभर चौकशीच्या टेबलावरच ठेवले गेले, आणि बाहेर पडताना सीव्हीवर लिहिण्यासारखे एकही स्वतंत्र काम तिच्याजवळ नव्हते. ज्या ग्रंथालयाने माझ्या प्रश्नांची उत्तरे तपशिलाने, नावानिशी आणि आकड्यांनिशी दिली, तेच मी निवडले. पगार तिथे थोडा कमी होता.

पहिल्या वर्षी संदर्भसेवा, सूचीकरण आणि विशेष संग्रह असे विभाग पाहून झाल्यावर मी विद्यापीठाच्या रिपॉझिटरीकडे, म्हणजे तिथले शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहाकडे, आले. हे काम बाहेरून साधे दिसते. प्राध्यापकाची प्रकाशनसूची घ्यायची, प्रत्येक नियतकालिकाचे धोरण शेर्पा रोमिओ या तेव्हाच्या धोरण-सूचीच्या संकेतस्थळावर तपासायचे, कोणती प्रत किती काळानंतर खुली करता येते ते ठरवायचे, ती प्रत मागवायची, लेखकाचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख पटवणारा क्रमांक) जोडायचा आणि रिपॉझिटरीत नोंद करायची. यातली अवघड पायरी प्रत मिळवण्याची. बहुतेक प्रकाशक आपण छापलेली सुबक पीडीएफ ठेवू देत नाहीत. समीक्षणानंतर स्वीकारली गेलेली, पण प्रकाशकाने मांडणी करण्यापूर्वीची लेखकाची प्रतच ठेवता येते, आणि नेमकी तीच प्रत कोणी जपून ठेवलेली नसते. पत्र पाठवले की उत्तरात प्रकाशकाची पीडीएफ येते. मग पुन्हा समजावून सांगावे लागते, सहलेखकांकडे चौकशी करावी लागते, कधी नियतकालिकाकडे निबंध सादर करण्याच्या प्रणालीत जुना खाते-क्रमांक शोधून तिथून फाइल उतरवून घ्यावी लागते. पत्रापेक्षा प्रत्यक्ष भेट उपयोगी पडते, हे मला लवकर कळले. विभागाच्या बैठकीत दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि तिथेच एखाद्याच्या संगणकावर एक निबंध जमा करून दाखवावा. त्यानंतर इतर प्राध्यापक आपणहून येतात.

ऑगस्ट 2022 मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरण कार्यालयाने, अलोंड्रा नेल्सन यांच्या सहीने, एक निर्देश काढला. सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे निबंध प्रकाशनाच्या दिवसापासूनच खुले व्हावेत आणि त्यासाठीची धोरणे सर्व खात्यांनी 2025 च्या अखेरपर्यंत अमलात आणावीत, असे त्यात सांगितले होते. 2013 च्या निर्देशाने प्रकाशकांना दिलेली, निबंध बारा महिने बंद ठेवण्याची सवलत यामुळे जाणार होती. आमच्या ग्रंथालयात या विषयाचे काम पूर्णवेळ करणारी मी एकटीच होते, त्यामुळे संशोधन कार्यालयापासून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडून विचारणा माझ्याकडे येऊ लागली. निबंध खुला करण्यासाठी प्रकाशकाला शुल्क द्यावेच लागते, असा समज फार खोलवर रुजलेला होता. स्वीकृत प्रत रिपॉझिटरीत ठेवूनही अट पूर्ण होऊ शकते आणि त्यासाठी एक डॉलरही लागत नाही, हे सांगण्यात माझे दुसरे वर्ष गेले. हे काम मी अतिशय मनापासून केले. कमी निधीच्या विभागांतले तरुण प्राध्यापक शुल्काच्या धास्तीने गप्प बसत होते, त्यांच्यासाठी ही माहिती नोकरी टिकण्या-न टिकण्याइतकी महत्त्वाची होती.

तिसऱ्या वर्षी ग्रंथालयाने या कामासाठी कायम जागा मंजूर केली. ती आपोआप मिळाली नाही. खुली जाहिरात निघाली, मी इतरांसारखाच अर्ज केला आणि पुन्हा दिवसभराची मुलाखत दिली. त्या सुमारास देशातले वातावरण बदलू लागले होते. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2024 पासून सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालये आणि नोकरभरतीतली तशी निवेदने कायद्याने बंद झाली, आणि इतर राज्यांतल्या काही ग्रंथालयांनीही रेसिडेन्सीच्या नावातून 'डायव्हर्सिटी' हा शब्द काढून 'नवोदित ग्रंथपाल' अशी नावे द्यायला सुरुवात केली. आज शोध घेणाऱ्याने जुन्या नावापुरते थांबू नये. जागेचे वर्णन, मुदत आणि पदवीची अट पाहूनच ती ओळखावी लागते.

आमच्या पुढच्या रेसिडेंटच्या निवड समितीवर मला घेण्यात आले, तेव्हा मी दोन बदल सुचवले आणि ते दोन्ही मान्य झाले. मुलाखतीचे प्रश्न आता अर्जदारांना आधी पाठवले जातात, आणि विद्यापीठ व्हिसाचे प्रायोजकत्व देईल की नाही, याचे स्पष्ट उत्तर जाहिरातीच्या पहिल्याच परिच्छेदात छापले जाते.