आमची वाटचाल : ओल्या बर्फावरची

टेकडीच्या पायथ्याशी स्की आणि बूट भाड्याने देणारं एक दुकान, एवढ्यावर आमची सुरुवात झाली. टेकडी छोटी आहे. एक लिफ्ट, एक मोठा उतार आणि कडेला शिकणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा. उंच डोंगरावरच्या रिसॉर्टला खाली ऊब वाढली तरी वरचे उतार हाताशी राहतात. आमच्याकडे तशी सोय नाही. ऐन हिवाळ्यात पारा आठ-दहा अंशांवर चढला की सगळ्या टेकडीवरचा बर्फ एकदमच मऊ होतो.

अशा दिवसांत लोक फोन करून विचारायचे, "बर्फ आहे ना?" बर्फ असायचा, पण ओला, जड, पायाखाली ओढणारा. आलेली माणसं दोन फेऱ्या मारून कंटाळून परत जायची. थंडीची वाट पाहत बसलो असतो तर दुकान केव्हाच बंद पडलं असतं. म्हणून ठरवलं, आपण ओल्या बर्फावर नीट चालणारी स्की द्यायची. आमच्या कामाला खरी दिशा मिळाली ती तिथून.

थंड बर्फावर घर्षणामुळे स्कीच्या तळाखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्यावरून स्की सरकते. उबदार हवेत मुळातच पाणी जास्त असतं, आणि ते तळाला धरून ठेवतं. सावलीतून उन्हाच्या तुकड्यात येताच स्कीला कुणीतरी करकचून ब्रेक लावल्यासारखं होतं. नवखा माणूस सरळ पुढे फेकला जातो. उपाय तळाच्या पोतात आहे. फिरत्या दगडावर तळ घासून त्यावर रेषा कोरतात. थंडीसाठी त्या अगदी बारीक लागतात, ओल्या बर्फासाठी रुंद आणि खोल, म्हणजे पाण्याला निसटायला वाट मिळते. ते मशीन आम्ही कर्ज काढून घेतलं आणि त्यासाठी नव्या स्कींची खरेदी पुढे ढकलली. धंद्यातला आमचा सर्वांत चांगला निर्णय कोणता, असं कुणी विचारलं तर आम्ही हाच सांगू.

मग स्कीच्या तळाला लावायचं मेण आलं. उबदार हवेचं मेण मऊ असतं, ते वितळवून तळावर पसरायची इस्त्रीही कमी तापवावी लागते. गार झाल्यावर ते पट्टीने खरवडून ब्रश मारायचा. रेषांत साचलेलं मेण निघालं नाही तर घासण्याची सगळी मेहनत वाया. ओल्या बर्फावर सर्वांत वेगवान मेण म्हणजे फ्लोरिनयुक्त. पण त्यातली रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि टेकडीचा वितळलेला बर्फ खालच्या ओढ्यालाच मिळतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांत ते पूर्ण बंद केलं. आम्ही त्याआधीच सोडलं होतं, आणि भाड्याच्या स्कीवर कुणालाही त्याची उणीव जाणवलेली नाही.

टेकडी चालवणाऱ्या मंडळींकडून आम्ही हवा वाचायला शिकलो. नुसता पारा बघून काही कळत नाही. हवा कोरडी असेल, आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास, तर शून्याच्या वर दोन अंशांनाही स्नो गनमधून, म्हणजे पाणी फवारून कृत्रिम बर्फ करणाऱ्या यंत्रातून, बर्फ पडतो. उलट दाट धुकं असेल तर शून्याला फक्त पाणीच पडतं. उन्हापेक्षा आम्हाला भीती दमट वाऱ्याची. त्यातल्या एक ग्रॅम बाष्पाचं बर्फावर पाणी होताना इतकी उष्णता सुटते की सात ग्रॅमहून जास्त बर्फ वितळतो. एका रात्रीच्या तशा वाऱ्याने उताराच्या कडेचं गवत उघडं पडलेलं आम्ही पाहिलं आहे. निरभ्र रात्र मात्र आमची सखी. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग आभाळाकडे उष्णता सोडून गोठतो, आणि सकाळी उतार टणक मिळतो.

म्हणूनच आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं भाडं सुरू झालं. उबदार दिवशी सकाळचा थर थोडा सैल झाल्यापासून दुपारच्या आधीपर्यंतचे दोन-तीन तास खरे मजेचे. नंतर चिखलासारख्या बर्फाचे ढीग होतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. त्या वेळेचं भाडं घेणं आम्हाला पटत नाही. दुपारी कुणी आलंच तर स्पष्ट सांगतो, वळणं मोठी घ्या, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा, थकवा जाणवला की थांबा. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीत, घालण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडायला लावतो, कारण तो चिकटून राहिला तर बाइंडिंग वेळेवर सुटेलच असं नाही. संध्याकाळी परत आलेली प्रत्येक स्की पुसूनच मांडणीवर जाते, नाहीतर रातोरात कडांवर गंज चढतो.

स्वीडनमधल्या ऑस्टरसुंड आणि स्वित्झर्लंडमधल्या दावोसला बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर टिकवतात आणि हंगामाच्या सुरुवातीला पसरतात. आमच्या टेकडीवर येत्या उन्हाळ्यात हाच प्रयोग लहान प्रमाणावर होणार आहे. भुशाच्या खर्चात आमचाही वाटा आहे. त्यातून निदान शिकणाऱ्यांचा पट्टा वेळेवर सुरू व्हावा अशी इच्छा आहे. त्यासाठी मुलांच्या मापाच्या सगळ्या स्की रुंद रेषांनी घासायला घेतल्या आहेत.