पाहुणे लाईनवर आले तो दिवस

फेब्रुवारीत आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला दम खायला फुरसत नसते. त्यात त्या दिवशी परदेशी खरेदीदाराची माणसं माल बघायला आलेली. मालकांसोबत, एप्रन-टोप्या चढवून, ती थेट पॅकिंगच्या टेबलांमागे येऊन उभी राहिली.

काम दिसायला सोपं. घड देठाने उचलायचा, कारण मण्याला बोट लागलं की लव जाते. खराब, बारके मणी कात्रीने काढायचे आणि घड ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बसवायचा. वजन थोडं वर चालतं. ते 'थोडं' हाताला कळायला एक सीझन जातो.

पहिल्या टेबलावर जुन्या मावशी. मागे माणसं दिसली तसा त्यांचा हात असा सुटला, की क्रेट पुरवणारा पोऱ्या धापा टाकायला लागला. तिसऱ्या टेबलावर त्याच आठवड्यात आलेली मुलगी. सकाळी तिचं बरं चाललं होतं. पाहुणे मागे थांबले आणि वजन कमी भरलं. तिने घड घातला, जास्त झालं. काढला, पुन्हा कमी. शेवटी कात्री मुख्य देठावरच चालली आणि घडाचे दोन तुकडे झाले. मावशी मान वर न करता म्हणाल्या, "दादा, त्यांना चहाला न्या. पोरगी घामाघूम झालीय."

नेलं.

माझं बीए मानसशास्त्रातलं, त्यामुळे मला झायॉन्स आठवला. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं होतं, की कोणी बघत असलं की अंगात भिनलेली कृती जोरात बाहेर येते. सरावलेल्याची ती बरोबर असते, नवशिक्याची चुकीची. १९६९ मध्ये त्याने हेच झुरळांवर तपासलं. (पॅकहाऊसमध्ये झुरळाचं नाव काढणं पाप, पण असो.) बघायला इतर झुरळं असली की सरळ वाटेवर झुरळ जास्त वेगाने पळे, वळणाच्या वाटेवर मात्र जास्त वेळ लावी.

तेव्हापासून पाहुणे यायचे असले की नव्या मुलींना मी मागे खोकी उभी करायला बसवतो. मालकांना वाटतं, मी त्यांना लपवतो. वाटू दे.

ती मुलगी मार्चअखेर मावशींच्या शेजारी बसायला लागली. परवा मालक नेमके तिच्याच मागे येऊन थांबले, तर पठ्ठीची पनेटं काट्यावर पहिल्याच फटक्यात बरोबर भरत होती आणि पोऱ्याला क्रेटसाठी हाका जात होत्या.