तुम्ही विचारलंत म्हणून: साहेब गप्प बसले तर काय होतं?

"तिकडच्या कंपन्या माणसांची एवढी काळजी कशी काय घेतात हो? आपल्याकडे का नाही?" पुण्यातल्या आयटीवाल्यांपासून जर्मनीला निघालेल्या इंजिनिअरपर्यंत सगळे हेच विचारतात. खरं तर काळजी हा शब्दच इथे फसवा आहे. कुठल्याही देशातली रजेची व्यवस्था जोखायची तर मी आधी एक प्रश्न लावतो. कुणीच काही केलं नाही, साहेब नुसते गप्प बसले, तर नुकसान कुणाचं?

नेदरलँड्स घ्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सव्वीस आठवडे काम झालं की कामाचे तास कमी करायला किंवा वेळ बदलून मागायला लेखी अर्ज करता येतो. बदल हवा त्या तारखेच्या निदान दोन महिने आधी तो द्यायचा. कंपनीने त्या तारखेच्या महिनाभर आधीपर्यंत निर्णय कळवला नाही, तर अर्ज जसाच्या तसा मान्य झाला असं धरतात. 1 सप्टेंबरपासून बुधवार मोकळा हवा असेल तर अर्ज 1 जुलैच्या आत; 1 ऑगस्ट उत्तराविना उलटला की बुधवार तुमचा. नकार द्यायला "टीमची अडचण होईल" एवढं पुरत नाही. वेळापत्रक कोलमडेल, सुरक्षितता धोक्यात येईल, असं वजनदार कारण लेखी द्यावं लागतं. तिथे आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी राहणारे बाप सर्रास दिसतात, त्याला 'पापादाख' असं नावही आहे. त्यामागे असा रुक्ष कायदा आहे.

जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा मिळते. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या 28 ते 30 देतात. रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरांचा दाखला दिलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. पण मला महत्त्वाचा वाटतो तो युरोपीय न्यायालयाचा 6 नोव्हेंबर 2018चा निकाल. एका कर्मचाऱ्याची दोन वर्षांची मिळून 51 दिवस रजा शिल्लक होती आणि मालक म्हणत होता, अर्ज केला नाही म्हणून बुडाली. न्यायालयाने सांगितलं की अर्ज केला नाही एवढ्यावरून रजा आपोआप बुडत नाही. तुमचे इतके दिवस उरलेत, अमुक तारखेपर्यंत घेतले नाहीत तर जातील, हे मालकाने वेळेत आणि स्पष्ट सांगायला हवं, आणि तसं सांगितल्याचा पुरावाही त्यानेच द्यायचा. आपल्याकडे डिसेंबर अखेरीस एचआरची मेल येते ती 'लॅप्स झाल्या' हे कळवायला.

डाइमलर या जर्मन मोटार कंपनीने 2014मध्ये सुट्टीवरच्या माणसांसाठी एक सोय केली, ती जवळून बघण्यासारखी आहे. कर्मचाऱ्याने ती चालू केली की त्याला आलेली मेल थेट पुसली जाते. पाठवणाऱ्याला उलट निरोप जातो: अमुक माणूस रजेवर आहे, तुमची मेल पुसली जाईल, तातडीचं असेल तर या सहकाऱ्याशी बोला. परतल्यावर इनबॉक्समध्ये आठशे मेल वाट बघत नसतात. हे जमतं कारण बदलीचा माणूस आधीच ठरलेला असतो. आपल्या ऑटो-रिप्लायमध्ये "अर्जंट असेल तर माझ्या मोबाइलवर फोन करा" असं असतं, म्हणजे रजेवर गेलेल्याचा बदली माणूस तो स्वतःच.

जपानमध्ये रजा कागदावर नेहमीच होती. मागायचा संकोच आड यायचा. म्हणून एप्रिल 2019पासून उलटं केलं. ज्याला वर्षाला दहा किंवा जास्त दिवस रजा मिळते, त्याला त्यातले पाच तरी घ्यायला लावणं मालकाचं काम. माणसाने आपणहून घेतलेले दिवस त्यातून वजा, उरलेल्यांच्या तारखा त्याला विचारून मालकाने ठरवायच्या. चुकलं तर माणशी तीन लाख येनपर्यंत दंड. यातही पळवाट निघालीच. काही ठिकाणी कंपनीचीच जुनी सुट्टी कामाचा दिवस करून तिथे ही रजा बसवली, आकडा पुरा झाला आणि विश्रांती तेवढीच राहिली.

दुसरा प्रश्न पैशाचा: रजेचा खर्च कुणाच्या खिशातून? स्वीडनमध्ये पोराला सकाळी ताप आला की आई किंवा बाप ऑफिसला कळवतो आणि कॅलेंडरवर 'वाब' (म्हणजे मुलाची देखभाल) लिहून घरी थांबतो. त्या दिवसाचा पगार कंपनी देत नाही. सरकारी विमा संस्था सुमारे ऐंशी टक्के भरपाई देते, तीही एका मर्यादेपर्यंत. सर्दी-तापाच्या फेब्रुवारीला लोक गमतीने 'वाब्रुवारी' म्हणतात. या विम्याचा पैसा सगळ्या मालकांकडून, प्रत्येक पगारावर सुमारे 31 टक्के सामाजिक वर्गणीतून येतो. त्यामुळे तरुण बाई नोकरीवर घेतली म्हणून कंपनीला वेगळा भुर्दंड नाही. आपल्याकडे 2017मध्ये मातृत्व रजा 12 वरून 26 आठवडे झाली, चांगलंच झालं. पण ईएसआयसीच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) बाहेरच्या बाईचा त्या काळातला सगळा पगार तिच्याच मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत "लग्नाचा काय विचार आहे?" असं विचारलं जातं, आणि दहा माणसांच्या कंपनीत तर ते हमखास होतं.

यातलं काही आपल्या कंपनीत आणायला कायदा बदलायची वाट बघावी लागत नाही. रजेच्या नियमात एक ओळ घाला: पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर रजा मंजूर. मग पहिल्या महिन्यात हमखास एक गोष्ट होईल, काही साहेब चौथ्या दिवशी सगळे अर्ज एकगठ्ठा नाकारतील. म्हणून लगेच दुसरी ओळ: नकार देताना कारण आणि पर्यायी तारीख लिहावी लागेल, दोन्हींपैकी एकही रकाना रिकामा राहिला तर नकार सिस्टीममध्ये जाणारच नाही.