मंदीत रोड बाइक घेताना

२०२० साली कोविडच्या साथीत जगाची अर्थव्यवस्था साधारण तीन टक्क्यांनी आकसली आणि त्याच वर्षी सायकली महाग झाल्या. मी रोड बाइक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, शोधायला लागले तेव्हा हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, धंदे बंद पडत होते, आणि दुकानदार मात्र सांगत होता की तुमच्या मापाची फ्रेम पुढच्या वर्षी येईल, तीही नक्की नाही. ‘मंदी आली की हौसेचं सामान स्वस्त होतं’ हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डोळ्यांसमोर नेमकं उलटं घडत होतं.

कारण नंतर उमगलं. पगार सगळ्यांचेच थांबले नव्हते. ज्यांचे चालू होते त्यांचा प्रवासाचा, हॉटेलचा, जिमचा खर्च एकदम बंद झाला होता. पैसा हातात पडून होता आणि घराबाहेर पडायला सायकलीइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. तिकडे कारखाने मधेमधे बंद, जहाजांचं भाडं गगनाला भिडलेलं, गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीच्या सुट्या भागांसाठी सायकल कंपन्या वर्ष-वर्ष ताटकळत होत्या. वापरलेल्या सायकली नव्याच्या भावात जात होत्या, कधी त्याहूनही वर. मी तेव्हा घेतली नाही. जुन्या हायब्रिडवर, म्हणजे सपाट हँडलच्या साध्या सायकलीवर, भागवलं आणि बाजारावर लक्ष ठेवायचं ठरवलं.

हे लक्ष ठेवणं म्हणजे एक वही. कोणती सायकल, कोणतं माप, कोणता ग्रुपसेट (गिअर, ब्रेक वगैरेंचा एकत्र संच), मागितलेला भाव काय, आणि जाहिरात किती काळ टिकली, एवढंच लिहायचे. वर्षभरात त्या वहीतून मला जेवढं कळलं तेवढं कोणी सांगून कळलं नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट ही की देशाची मंदी आणि धंद्याची मंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला जो भाव मोजायचा असतो तो दुसरीवर ठरतो. तुटवड्याच्या काळात दुकानदारांनी काय केलं? दहा सायकली हव्या असताना वीस मागवल्या, म्हणजे निदान दहा तरी येतील. वितरकाने त्यावर आपला अंदाज चढवला, कंपनीने त्याहून मोठी ऑर्डर सुट्या भागांच्या कारखान्याला दिली. गिऱ्हाइकाची मागणी थोडी वाढली की साखळीच्या मागच्या टोकाला ती कित्येक पटींनी फुगते. व्यवस्थापनशास्त्रात याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात आणि त्याचं ठरलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गँबलच्या डायपरचं आहे: बाळं डायपर रोज तेवढेच वापरतात, पण कंपनीकडून कच्च्या मालाच्या ऑर्डरी मात्र प्रचंड वरखाली होतात. सायकलींच्या बाबतीत मागवलेला सगळा माल २०२२ मध्ये एकदम आला, आणि तोवर ज्याला सायकल घ्यायची होती त्याने घेऊन झाली होती.

मग पडझड सुरू झाली. शिमानोची वर्षाची विक्री २०२२ मध्ये जवळपास ६२९ अब्ज येन होती, ती २०२३ मध्ये ४७४ अब्जांच्या आसपास आली. म्हणजे एका वर्षात सुमारे पाव हिस्सा गेला. ब्रिटनमधली विगल चेन रिअॅक्शन ही सायकल-सामानाची ऑनलाइन विक्रीतली मोठी कंपनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. कोना या ब्रँडने त्याच सुमारास एका सायकलीवर दुसरी फुकट अशी योजना काढली. महागड्या सायकलींच्या धंद्यात असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी जगाच्या एकूण उत्पन्नात घट नव्हती, वाढच होती. पण गोदामं भरलेली होती आणि व्याज चढलेलं होतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर २०२२ च्या सुरुवातीला जवळजवळ शून्य होता, तो २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, आणि इतर देशांतही दर चढलेच. माल उधारीवर घेतलेला असेल तर गोदामात उभी असलेली प्रत्येक सायकल रोज थोडं थोडं व्याज खाते. भाव पाडायला लावतं ते हे व्याज. नुसती गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून दुकानदार भाव पाडत नाही, तो वाट बघतो.

आणि पाडतो तेव्हाही उघड पाडत नाही. गेल्याच महिन्यात पूर्ण किमतीला घेऊन गेलेलं गिऱ्हाईक भांडायला येईल, ही धास्ती असते. म्हणून लेबल तेच राहतं आणि त्याच्या मागे गोष्टी जमा होऊ लागतात: पेडल फुकट, मग हेल्मेट फुकट, मग वर्षभराची सर्व्हिसिंग. त्यानंतर गेल्या वर्षीचं मॉडेल थोडं खाली येतं, तेही फार लहान आणि फार मोठ्या मापाचं, किंवा कोणाला न आवडलेल्या रंगाचं. मधली मापं शेवटपर्यंत अडून राहतात, कारण कधी ना कधी ती जातातच हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. माझं फ्रेमचं माप ५२ सेंटिमीटर, म्हणजे अगदी गर्दीतलं. मला हवी त्या दर्जाची नवी सायकल परवडेपर्यंत खाली येणार नाही हे वहीवरून स्पष्ट दिसायला लागलं, आणि मी वापरलेल्याकडे वळले.

वापरलेल्या बाजाराची रीत वेगळी. तिथे विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने मोजलेला भाव घट्ट बसलेला असतो. २०२१ मध्ये चढ्या भावाने घेतलेली सायकल दोन वर्षांनी अर्ध्याला जाते हे मान्य करायला माणसाला वेळ लागतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. घाम गाळून मिळवलेला पैसा असतो तो. म्हणून भाव खाली येण्याआधी जाहिरातीची भाषा बदलते. आधी लिहिलेलं असतं, ‘किंमत ठरलेली, घासाघीस नको’. तीच सायकल काही आठवड्यांनी पुन्हा दिसते तेव्हा ‘थोडंफार कमी-जास्त होईल’ असतं. मग ‘लवकर द्यायची आहे’. आकडा बदलतो तो सगळ्यात शेवटी. ज्याला कोणाला असं काही घ्यायचं असेल त्याने मागितलेल्या आकड्यापेक्षा ही भाषा वाचावी, असं मी आवर्जून सांगेन.

आणखी एक गोष्ट वहीत ठळक दिसली. टक्केवारीत सगळ्यात जास्त घसरल्या त्या वरच्या दर्जाच्या कार्बन सायकली. साध्या, ॲल्युमिनियमच्या, सुरुवात करणाऱ्यांच्या सायकली फारशा हललेल्या नव्हत्या. कारण सरळ आहे. खर्च आवरायला निघालेला माणूस वरून एक पायरी खाली उतरतो. वरची गिऱ्हाइकं खाली येतात आणि खालच्या पायरीवर गर्दी होते. शिवाय चेन, टायर, ट्यूब, ब्रेक पॅड यांचा भाव तर तसूभरही उतरला नाही. नवी सायकल पुढे ढकलता येते, फाटलेला टायर नाही. लोक जुनं दुरुस्त करून वापरतात म्हणून मेकॅनिककडे उलट रांग लागते. आपल्या देशाचं चलन त्याच काळात घसरत असेल तर आयात केलेला माल मंदीतही महागच होतो, आणि त्याच्या आधाराने जुन्याचाही भाव टिकून राहतो. हे गणित देशागणिक बदलतं.

सगळी घसरण मंदीच्या खात्यावर टाकणंही बरोबर नाही. शिमानोने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे ग्रुपसेट मागच्या बाजूला १२ गिअरचे केले. त्याबरोबर ११ गिअरच्या उत्तम सायकली एका रात्रीत ‘जुन्या’ ठरल्या. डिस्क ब्रेक आल्यावर चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या रिम ब्रेकवाल्यांचंही तेच. ज्याला शर्यत जिंकायची नाही त्याला एका गिअरने काय फरक पडतो? मी तर मुद्दाम ११ गिअरवालीच शोधत होते. गोल्फ खेळणाऱ्या एका मैत्रिणीचं म्हणणंही असंच आहे: ड्रायव्हर, म्हणजे लांब फटका मारायच्या काठीच्या, डोक्याच्या आकाराला २००४ पासून ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या कंपनीची काही वर्षांपूर्वीची काठी फार मागे पडत नाही, आणि मंदीत ती घेणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. घरातल्या व्यायामाच्या यंत्रांचं मात्र वेगळं आहे. घरी व्यायामासाठी सायकली बनवणाऱ्या पेलोटन या अमेरिकी कंपनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मूळ सायकलीची किंमत साधारण एक पंचमांशाने उतरवली आणि पुढच्या फेब्रुवारीत २,८०० जणांना कमी केलं. नव्याचीच किंमत अशी खाली आली की जुनं विकायला बसलेल्याचं फार नुकसान होतं.

शेवटी एक सायकल सापडली. कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, अल्टेग्रा आर८००० ग्रुपसेट, माप ५२. जाहिरात तिसऱ्यांदा टाकलेली होती. मी फोन केला तेव्हा विकणारे गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, “नोकरी गेलीय. सायकल भिंतीला टेकून उभी आहे आणि हप्ते चालू आहेत.” मी म्हटलं, “आधी नीट बघते, मग भावाचं बोलू.”

बघायला गेले ती विजेरी, स्टीलची पट्टी आणि एक नाणं घेऊन. या मालिकेच्या क्रँकबद्दल, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल बसतं त्या दांड्याबद्दल, मला आधीच माहीत होतं. शिमानोने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले ११ गिअरचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे हॉलोटेक क्रँक तपासणीसाठी परत बोलावले होते. हे क्रँक आतून पोकळ असतात, दोन भाग चिकटवून केलेले, आणि तो जोड सुटण्याचा धोका निघाला होता. क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडल बसतं त्याच्याजवळ, दोन अक्षरांचा बारीक छाप असतो. त्यावरून तो कधी बनला ते कळतं. मी खाली बसून विजेरीच्या उजेडात चिखलाचा थर अंगठ्याने पुसला तेव्हा ती अक्षरं दिसली. परत बोलावलेल्या काळातलाच क्रँक होता, आणि तपासणी झालेली नव्हती.

गृहस्थांना हे ठाऊकच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, आपण दोघं मिळून अधिकृत डीलरकडे जाऊ, तपासणीला पैसे पडत नाहीत. मेकॅनिकने क्रँक उतरवला, सांध्याची रेघ सगळीकडून पाहिली. जोड शाबूत होता. मग मी फ्रेमवर नाण्याने हलकेच वाजवत तळाच्या नळीपासून मागच्या चाकापर्यंत गेले. टणक आवाज एखाद्या ठिकाणी बद्द झाला तर आत थर सुटल्याची शंका घ्यायची. तसं कुठे जाणवलं नाही. तरी हा काही पक्का पुरावा नव्हे, म्हणून मेकॅनिकला सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, पकडीपाशीही बघायला लावलं. चेन मात्र गेलेली होती. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. इथे पट्टीवर इंचाच्या सोळाव्या भागाहून जास्त निघालं, म्हणजे अर्ध्या टक्क्यापलीकडे ताणलेली. अशी चेन बराच काळ फिरवली की कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे, दातही झिजतात. तेही झिजले होते.

भावाचं बोलणं सोपं झालं. वहीतल्या त्याच दर्जाच्या सायकली कोणत्या आकड्याला जाहिरातीतून नाहीशा झाल्या ते मी दाखवलं, त्यातून चेन आणि कॅसेटचा खर्च वजा केला आणि उरलेला आकडा सांगितला. त्यांनी मागितलेल्यापेक्षा तो कमी होता, पण आणखी ताणलं असतं तर नक्की आणखी खाली आला असता. तसं मी केलं नाही. समोरच्याचा महिन्याचा हप्ता थकलाय हे ऐकल्यावर त्या थकण्याची किंमत वसूल करायची माझी तयारी नव्हती, आजही नाही. त्यांना गरज होती ती आजच्या आज पूर्ण पैसे मिळण्याची. ते मी देऊ शकत होते, म्हणून दोघांचंही जमलं. त्यांनी पंप आणि चेन-टूल स्वतःहून हातात ठेवलं.

एवढा काळ थांबण्याची माझी ऐपत होती, कारण माझी नोकरी टिकली. मंदीत भाव पडतो तेव्हा नेमका ज्यांच्या खिशाला तो पडलेला भाव परवडायला हवा त्यांचा खिसा आधीच रिकामा झालेला असतो. हे मला खरेदीच्या आनंदातही टोचत राहिलं.

नवी चेन, नवी कॅसेट, नवे टायर, हे सगळं पूर्ण किमतीला घेतलं. त्यात कुठेच सूट नव्हती. मग जुनी हायब्रिड विकायला काढली. जाहिरात टाकल्यापासून फोन थांबेनात. कामावर जायला सायकल हवी असलेली एक मुलगी संध्याकाळीच येऊन ती घेऊन गेली, जवळजवळ मी मागितलेल्याच भावाला. त्याच पानावरच्या कार्बन सायकली अजून तिथेच होत्या.