भोक कुठंय?

रविवार, रात्री अकरा

सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीतला कोष उकलला. काडीवर काळं, चुरगळलेलं फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं आणि आमची साडेतीन वर्षांची बाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता रिकाम्या कोषावर नाक टेकवून विचारत होती, "भोक कुठंय?"

चूक तिची नाही, एरिक कार्ल यांची. त्यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे मुलांचं चित्रपुस्तक महिनाभर रोज रात्री वाचतेय, कधी कधी दोनदा. त्यात अळी कोष कुरतडून भोक पाडते आणि बाहेर येते. आमचा कोष मात्र वाटाण्याच्या शेंगेसारखा डोक्याकडून फाटला. फुलपाखराला कुरतडायला तोंडच कुठे असतं, असते ती नुसती सोंड.

पुस्तक १९६९ सालचं. त्याची सगळी गंमत भोकांत आहे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेर, असं शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत. पानं एकापेक्षा एक रुंद होत जातात आणि प्रत्येक फळाला आरपार भोक. लेक प्रत्येक भोकात करंगळी घालते, पलीकडून ती हलवून बघते, मगच पान उलटू देते. पाचपर्यंत मोजायला मी शिकवलेलं नाही, ते तिचं बोटच शिकलं. कार्ल यांना कल्पना सुचली तीही पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना. आधी त्यांच्या डोक्यात पुस्तकं खाणारा किडा होता, अळी संपादिकेने सुचवली. आणि असली भोकांची पानं अमेरिकेत छापणं परवडेना, म्हणून पहिली छपाई जपानमध्ये झाली. हे वाचल्यापासून मी ती पानं जरा जपून उलटते.

वाचताना मराठी करत जाते, तिथे रोज घोळ. सुरुवातीला 'सुरवंट' म्हणायचे, तर आईंनी स्वयंपाकघरातून दुरुस्ती केली, "सुरवंट केसाळ असतो गं, अंगावरून गेला की खाज सुटते. ही अळी." चित्रात पाठीवर चार केस उभे आहेत खरे, पण अळीच ठरली. त्यामुळे इंग्रजीतला 'तो' आमच्याकडे 'ती' झाला, आणि खादाड मुलगी लेकीला जास्तच पटली. शनिवारच्या पानावर तर मी हातच टेकले. तिथे केक, आइस्क्रीम, सॉसेज असे दहा पदार्थ आहेत. हिरव्या काकडीसारख्या 'पिकल'ला मी 'लोणचं' म्हटलं, तर लेक म्हणे, "लोणचं लाल असतं." आणि सलामी, म्हणजे ती मांसाची चकती? बाबाने उभं राहून कडक सलामी ठोकली. आता रोज त्या चित्रापाशी घरात सगळ्यांनी सॅल्यूट करायचा असतो, आईंनीसुद्धा.

इंग्रजी वाचकांची तक्रार वेगळीच. रेशमाचा 'ककून' पतंग विणतात, फुलपाखराचा तो 'क्रिसॅलिस', मग कार्ल यांनी ककून का लिहिलं? त्यांचं उत्तर असं की लहानपणी वडील त्यांना ककूनमधून बाहेर ये म्हणायचे, क्रिसॅलिसमधून नव्हे. मला आवडलं हे. मराठीत दोन्ही कोषच, त्यामुळे ती चूक माझ्या तोंडी येतच नाही. भोकाची मात्र येते.

आमची अळी पहिल्यांदा दिसली तेव्हा आई "पक्ष्याने घाण केलीय" म्हणून पुसायलाच निघाल्या होत्या. कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. आपल्या राज्य फुलपाखराच्या, ब्लू मॉर्मनच्या भाऊबंदांतली ही. पुढे ती हिरवीगार झाली. लेकीने बोट लावलं तर डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की लेक थेट माझ्या ओढणीत.

मग एका सोमवारी लेकीने कुंडीत सफरचंदाची फोड ठेवली. पुस्तकात तसंच आहे ना. संध्याकाळपर्यंत फोड तपकिरी पडली, मुंग्यांची रांग लागली, अळीने तिकडे बघितलंही नाही. सोमवार ते रविवार, नुसता कढीपत्ता. पुस्तकातली रविवारी एक हिरवं पान खाऊन पोटदुखीतून बरी होते, आमचीला पोटदुखी ठाऊकच नाही. "फोडणीला एक पान ठेवलं नाही मेलीने," आई रोज म्हणायच्या, आणि रोज चष्मा लावून ती किती वाढली तेही बघायच्या. मग ती कमरेला रेशमाचा दोरा बांधून काडीला टेकली, ती अकरा दिवस.

प्राणिशास्त्राच्या पेपरात या पुस्तकाला मी काठावर पास करीन. पण दुकानात दिसलं तर भाचीसाठी आणखी एक घेणार आहे, जाड पुठ्ठ्याचं. ते नसतं तर ती घाण आईंनी पहिल्याच दिवशी पुसली असती आणि मीही काही म्हटलं नसतं.

"अगं, खऱ्या कोषाला भोक नसतं," मी सांगून बघितलं. दीड तासाने फुलपाखरू उडालं, गच्चीच्या दिशेने गेलं. लेकीने तोवर कोष काडीवरून काढून घेतला होता. कागदासारखा हलका. करंगळी घातली, टर्र.

"आता आहे," म्हणाली.

उद्या भाजीवाल्याकडून कढीपत्ता आणायचा आहे.