डिजिटल प्रत झाली, म्हणून मूळ रीळ टाकू नये

जुने चित्रपट, दूरदर्शनवरचे कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे यांच्या जतनाचा विषय निघाला, की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘एकदा सगळे डिजिटल केले, की प्रश्न मिटला.’ हे म्हणणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र डिजिटल प्रत काढल्यावर मूळ रिळांचे काय केले, असे विचारले तर बऱ्याचदा उत्तर मिळते, की ती जागा अडवत होती, म्हणून काढून टाकली. माझ्या मते या क्षेत्रातली आजची सर्वांत मोठी टाळता येण्याजोगी हानी या एका समजुतीमुळे होते आहे, आणि ती का होते हे कळण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा इतिहास आणि फितीचे रसायनशास्त्र या दोन्ही गोष्टी जरा तपशिलात पाहाव्या लागतात.

हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला, म्हणजे जतनाची सरकारी व्यवस्था उभी राहीपर्यंत मध्ये पन्नास वर्षे निघून गेली होती. मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून अधिक चित्रपट तयार झाले आणि त्यांतले अखंड स्वरूपात हाती लागलेले बोटांवर मोजण्याइतके आहेत. चित्रपट हा त्या काळी धंद्याचा माल होता. खेळ संपले आणि प्रत झिजली, की तिची किंमत उरे ती फितीवरच्या चांदीपुरती. कृष्णधवल फितीच्या लेपात चांदीचे कण असतात आणि ते धुऊन काढणारे भंगारवाले ठिकठिकाणी होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये केलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपटही आपल्याला पाहता येत नाही. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती, भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु आपण हा गौरव वाचतो तो ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांच्या आठवणींच्या भरवशावर. इतक्या महत्त्वाच्या कृतीविषयी मतभेद व्यक्त करण्याचीही सोय आपल्याला उरलेली नाही, ही गोष्ट मला फार खटकते. सगळेच काही दुर्लक्षामुळे गेले असेही नाही. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला, तेव्हा तिथले चित्रपटही आगीत सापडले.

जे वाचले त्यात पी. के. नायर यांचा वाटा फार मोठा आहे. ते संग्रहालयात आले त्या सुरुवातीच्या वर्षांपासून १९९१ मध्ये संचालक म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी जे मिळेल ते जमवले. फाळके कुटुंबीयांकडे उरलेले तुकडे त्यांनी मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच दोन रिळे आज संग्रहालयात आहेत, आणि तीसुद्धा १९१३ च्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. ‘कालिया मर्दन’ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९१९ च्या या चित्रपटात फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. नायर यांच्या हाती तो आला तेव्हा तुकड्यातुकड्यांत होता, आणि फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधाराने त्यांनी त्याचा क्रम लावला. ती वही कुणी रद्दीत घातली असती, तर तुकडे हाती असूनही आज आपण ‘कालिया मर्दन’ सलग पाहू शकलो नसतो. म्हणून चित्रपटाच्या संग्रहालयात नुसती फीत ठेवून भागत नाही. पटकथा, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रे, परीक्षण मंडळाच्या नोंदी, हे सारे तिच्याबरोबर असावे लागते.

नायर यांच्यावर आक्षेप असा घेतला जाई, की ते बऱ्यावाईटाची निवड करत नाहीत. मला त्यांचेच बरोबर वाटते. आज टाकाऊ वाटणाऱ्या चित्रपटातून चाळीस वर्षांनी कुणी रस्त्यांची नावे, लुगड्यांचे प्रकार किंवा बोलीचे वळण शोधणार असेल, तर त्याची गरज काय असेल हे आपण आज कसे ठरवणार?

आता फितीविषयी. १९५० च्या आसपासपर्यंत पस्तीस मिलिमीटरची व्यावसायिक फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. तिच्यावर चित्र अतिशय देखणे उमटते. पण रासायनिक दृष्ट्या ती बंदुकीच्या कापसाच्या, म्हणजे गनकॉटन या स्फोटकाच्या, नात्यातली आहे. जळताना ती स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही. आग लागली नाही तरी ती हळूहळू कुजते: आधी चित्र फिकट होते, मग फीत चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि त्यात प्रभातच्या मूळ सामग्रीसह मोठा साठा गेला. ज्या चित्रपटांच्या प्रती त्याआधी सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या, ते आपण आजही पाहतो. पण जे पाहतो ती नकलेची नक्कल असते आणि प्रत्येक पिढीत थोडा तपशील, थोडा उजळपणा गळालेला असतो.

नायट्रेटच्या जागी आलेल्या ॲसिटेट फितीला ‘सेफ्टी’ म्हणत. ती भडकत नाही, एवढ्याच अर्थाने सुरक्षित. उष्णता आणि दमटपणा यांमुळे तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. ते आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते, फीत आकसते, लेप सुरकुततो, आणि हवाबंद डब्यात हा प्रकार अधिक झपाट्याने होतो. डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवून आम्लाचे प्रमाण तपासता येते. निळी पट्टी हिरवी होत पिवळी पडली, की त्या रिळाचे काम आधी हाती घ्यावे लागते. एकदा सुरू झालेले हे आंबणे थांबवता येत नाही, मंदावता येते, आणि त्यासाठी थंड, कोरड्या कोठारासारखा दुसरा उपाय नाही. मुंबई आणि कोकणच्या हवेत वीज गेलेले दोन दिवसही कोठाराला महाग पडतात. (संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात वातानुकूलनाचा खर्च पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

मूळ सामग्री का ठेवावी याचे सर्वांत ठाम उत्तर मला सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीत सापडते. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि तिथे असलेली या तिन्ही चित्रपटांची मूळ निगेटिव्ह होरपळली. त्या वेळच्या कोणत्याही यंत्रातून ती जाण्यासारखी नव्हती, म्हणजे व्यवहारी माणसाच्या लेखी तो कचराच होता. तरीही ती टाकली गेली नाही. अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या अभिलेखागारात ती ठेवली गेली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या तज्ज्ञांनी त्या कडक झालेल्या फितीत पुन्हा ओलावा आणला, तुटलेली छिद्रे आणि सांधे हाताने दुरुस्त केले आणि ‘पथेर पांचाली’ व ‘अपराजितो’ यांचा बराच मोठा भाग मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केला. ‘अपूर संसार’साठी मात्र दुसऱ्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. हे पुनरुज्जीवित रूप २०१५ मध्ये प्रेक्षकांसमोर आले. आगीनंतरच्या वर्षी कुणी ‘व्हिडिओ प्रत आहे, जळका ढीग कशाला’ असे म्हटले असते, तर आज आपल्या हाती त्या काळच्या व्हिडिओची गुणवत्ता तेवढी असती. स्कॅनर सुधारतात, मूळ फितीत दडलेला तपशील मात्र तेवढाच राहतो, आणि तो किती आहे हे पुढच्या यंत्रालाच कळते.

चुंबकीय फितीच्या, म्हणजे टेपच्या, बाबतीत माझे म्हणणे थोडे बदलते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. याच कारणाने बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही आपले कितीतरी कार्यक्रम पुसले, तेव्हा आपल्याकडचे त्या काळातले मराठी कार्यक्रम, मुलाखती आणि नाट्यप्रयोग तुटपुंजे उरले याचे आश्चर्य वाटायला नको. जे उरले आहे त्याला दोन बाजूंनी धोका आहे. एक, टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत सुटतो आणि टेप वाजवताना यंत्राच्या हेडवर खरवडून येते. अशी टेप मंद उष्णतेत काही तास ‘भाजून’ तेवढ्यापुरती वाजवण्याजोगी करतात. दुसरा धोका यंत्रांचा. यू-मॅटिक किंवा बीटाकॅम या प्रकारच्या व्हिडिओ टेप वाजवणारी यंत्रे आता कुणी बनवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे हात निवृत्त होत आहेत. युनेस्को आणि ध्वनी-दृक् अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून काही वर्षांपूर्वी इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास टेपवरचा मजकूर नियमितपणे उतरवून घेण्याची संधी संपत येईल. ती मुदत आता आलीच आहे. म्हणून चित्रपटाच्या फितीला थंड कोठारात वाट पाहता येते, टेपला येत नाही. तिचे डिजिटायझेशन आधी व्हायला हवे.

डिजिटल फाइलही जपावीच लागते, हे मात्र अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या गळी उतरत नाही. मोठ्या संस्था आपला डेटा बहुधा एलटीओ या संगणकीय साठवणीच्या चुंबकीय टेपवर ठेवतात. या टेपच्या नव्या पिढीचे यंत्र फार तर मागच्या एकदोन पिढ्यांच्या टेप वाचू शकते, त्यामुळे दर काही वर्षांनी सारा साठा पुढच्या पिढीवर उतरवावा लागतो. हा एकरकमी प्रकल्प नव्हे, कायमचा वार्षिक खर्च आहे. २०२२ मध्ये सरकारने चित्रपट संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन यांसारख्या संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय अमलात आणला. व्यापारी महामंडळाच्या छत्राखाली असा न दिसणारा, उत्पन्न न देणारा खर्च वर्षानुवर्षे मंजूर होत राहील का, याविषयी मी साशंक आहे.

ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत मराठीत एक काम मला आदर्श वाटते. गी पोइतवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या अनेक बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. ग्रामीण भारताच्या ‘परी’ या ऑनलाइन संग्रहात त्या आज ऐकता येतात. या संग्रहाचे मोल नुसत्या आवाजात नाही. ओवी कुणी गायली, ती बाई कोणत्या गावची, विषय काय, ही नोंद ओवीबरोबर आहे. आपल्याकडे लोकगीत म्हटले, की गाणारीचे नाव गळून पडते. इथे ते टिकले.

मराठी घरांत, इथे आणि परदेशातही, कीर्तनांच्या, खासगी मैफलींच्या, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या असंख्य कॅसेट पडून आहेत आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. अशी कॅसेट सापडली, तर पहिल्यांदा तिच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे लहान चौकोन मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. माळ्यावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती लगेच घालू नये. यंत्राचे रबरी रोलर आणि हेड आधी साफ करून घ्यावेत आणि एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून पाहावी. फाइल एमपीथ्री न करता आवाजाचा तपशील न गाळणाऱ्या वेव्ह (WAV) स्वरूपात, निदान चोवीस बिटची करावी आणि तिच्यातली खरखर काढू नये. साफ केलेली प्रत ऐकण्यासाठी वेगळी ठेवावी. आणि गायक, साथीदार, ठिकाण, साधारण साल, मध्येच ‘वा’ म्हणणारा माणूस कोण, हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्यावे; ती माहिती कोणत्याही स्कॅनरला नंतर काढता येत नाही.